देव दयाळू असेल, तर दुःख कुठून आले?

(वर्षावासानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)

 

आजचा विषय असा आहे की, जगात एवढे दुःख आणि एवढी दुष्टाई असताना प्रेमळ, दयाळू देव आहे असे मानता येईल काय? आपल्यापैकी पुष्कळजण मनात म्हणतील, गुरुजी, हा प्रश्न आमच्यापुढे कशाला मांडता? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्याच दिवशी तो सुटला. मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत आलो. परंतु काही वर्षांपूर्वी आपल्याच एका माउलीने मला एक प्रश्न विचारला आणि माझ्या लक्षात आले, की देवाला घराबाहेर काढले म्हणजे हा प्रश्न घराबाहेर जातोच असे नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्या माउलीचा सोळा वर्षांचा मुलगा छोट्या होडीतून खाडीत गेला होता. वारा फिरला, होडी उलटली. मुलगा दुसऱ्या दिवशी सापडला. आम्ही जलदान विधीला जमलो. शेजारपाजारची माणसेही आली, चांगल्या मनाने आली. त्यांच्यापैकी एक बाई म्हणाली, "देवाला आवडला हो तुझा पोर." माउली काही बोलली नाही. मग आपल्याच समाजातले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "गेल्या जन्माचे भोग असतात, बाई. ते कुणाला चुकले?" तेव्हा तिने माझ्याकडे बघितले आणि विचारले, "गुरुजी, माझ्या पोरानं असं काय पाप केलं होतं?"

बंधू-भगिनींनो, मी तेव्हा मान खाली घातली. त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते, ते आज देण्याचा प्रयत्न करणार आहे.

आपल्या मराठीत फार चांगले दोन शब्द आहेत, अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून कोसळते ते अस्मानी, माणूस माणसावर लादतो ते सुलतानी. आपल्या रायगडच्या किनाऱ्याने दोन्ही भोगले आहेत. १७ जुलै १९४७ चा दिवस जुन्या माणसांच्या तोंडून आपण ऐकला आहे. 'रामदास' ही बोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ लाटांनी कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यात आपल्या जिल्ह्याची किती घरे उजाड झाली! पुढे २५-२६ जुलै २००५ ला महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे डोंगर खाली आले. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. ही अस्मानी. आणि सुलतानी? खोतांच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला. जमीन पडीक ठेवली, उपास काढले, पण मागे हटले नाहीत. महाडच्या चवदार तळ्यात जनावरे पाणी पीत होती आणि माणसाला मज्जाव होता. ही सुलतानी.

आता ईश्वरवाद्यांची तीन विधाने शेजारी-शेजारी ठेवून पाहा. देव सर्वशक्तिमान आहे. देव परम दयाळू आहे. आणि जगात दुःख आहे. तिसरे विधान नाकारता येत नाही, ते आपण डोळ्यांनी पाहतो. मग देवाला दुःख दूर करायचे आहे पण करता येत नाही, तर तो सर्वशक्तिमान कसा? करता येते पण करायचे नाही, तर तो दयाळू कसा? हा पेच ग्रीसमधील एपिक्युरस या तत्त्वज्ञाच्या नावाने सांगितला जातो. परंतु तो आपल्यालाही परका नाही. पाली जातककथांमध्ये भूरिदत्त जातक आहे. त्यात नागकुळात जन्मलेले बोधिसत्त्व हाच सवाल टाकतात. सर्व प्राण्यांचा स्वामी ब्रह्मा असेल, तर त्याने जग असे दुःखी का ठेवले? त्यात कपट, असत्य आणि अन्याय का घातला? म्हणजे हा प्रश्न पश्चिमेकडून आलेला नाही, तो आपल्या परंपरेने फार पूर्वीच विचारला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न विचारणे सोपे आहे. समोरच्याचे उत्तर प्रामाणिकपणे ऐकून घेणे अवघड आहे. धम्माने आपल्याला तेही शिकवले आहे. म्हणून श्रद्धावान माणसे जी उत्तरे देतात, ती आपण एकेक करून पाहू.

पहिले उत्तर असे, की देवाने माणसाला स्वातंत्र्य दिले आणि माणूस त्याचा दुरुपयोग करतो. या उत्तरात तथ्य आहे. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतल्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा ज्यांनी उठवली आणि सत्याग्रहींवर लाठ्या चालवल्या, ती माणसेच होती. दोष त्यांचाच. परंतु हे उत्तर फार तर सुलतानीला लागू पडते. तळियेचा डोंगर कुणाच्या स्वातंत्र्याने खाली आला? आणि दुसरे असे, की लाठी उगारणाऱ्याच्या स्वातंत्र्याची एवढी चिंता वाहणारा देव लाठी खाणाऱ्याच्या स्वातंत्र्याची चिंता का वाहत नाही?

दुसरे उत्तर असे, की देव भक्ताची परीक्षा पाहतो. आपल्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे बेने इस्राएल बांधव राहिले. त्यांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे त्यांनी येथे तेल गाळण्याचा व्यवसाय धरला, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्यांच्या धर्मग्रंथात ईयोब नावाच्या सज्जनाची कथा आहे. त्याची मुले मरतात, संपत्ती जाते, अंगभर फोड येतात. मित्र येऊन त्याला सांगतात, तू काहीतरी पाप केले असशील. तो ठामपणे म्हणतो, नाही केले. आणि त्या ग्रंथाचा मोठेपणा असा, की शेवटी देव मित्रांनाच चुकीचे ठरवतो. दुःख म्हणजे पापाची सजा नव्हे, इतके त्या प्राचीन ग्रंथाने निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु दुःख का आले, याचे उत्तर ईयोबालाही मिळत नाही. आणि परीक्षा ईयोबाची होती असे मानले, तरी त्याच्या मेलेल्या मुलांचे काय? दुसऱ्याची परीक्षा घेण्यासाठी कुणाचा जीव घ्यावा, याला आपण माणसांच्या व्यवहारात दया म्हणत नाही.

तिसरे उत्तर शिक्षेचे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये महाभयंकर भूकंप झाला. तेव्हा महात्मा गांधींनी सांगितले, की अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. सृष्टीतील उत्पातांची कारणे सृष्टीतच असतात, त्यांना नीतीशी जोडू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गांधीजींनी टागोरांचे निवेदन आपल्या 'हरिजन' पत्रात छापले आणि आपले मत कायम ठेवले.

येथे क्षणभर थांबू या. गांधीजींचे ते वाक्य वरवर पाहता आपल्या बाजूचे वाटते. अस्पृश्यता हे पाप आहे, असे सांगणारे कुणीतरी आहे म्हणून बरेही वाटते. परंतु आपण ते स्वीकारता कामा नये. भूकंपाने पडलेल्या भिंतीखाली स्पृश्य मेले, तसे अस्पृश्यही मेले, तान्ही मुले मेली. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनाही अन्यायाच्या शिक्षेत चिरडणारा न्याय हा कसला न्याय? आपल्या सोयीचे असले तरी जे असत्य आहे ते असत्यच. ही कसोटी आपण स्वतःला लावली, तरच दुसऱ्याला लावण्याचा अधिकार आपल्याला राहतो.

चौथे उत्तर असे, की देवाची लीला अगाध आहे, माणसाच्या बुद्धीला ती कळत नाही. हे उत्तर खोडून काढता येत नाही, हे मी कबूल करतो. म्हणून काटेकोरपणे बोलायचे तर, दुःख आहे एवढ्यावरून कोणताच देव नाही, असे गणितासारखे सिद्ध होत नाही. कुणी म्हणेल, देव आहे पण दुर्बळ आहे. कुणी म्हणेल, देव आहे पण त्याला आपले सोयरसुतक नाही. या देवांना दुःखाच्या पुराव्याने धक्का लागत नाही. परंतु जो सर्वशक्तिमानही आहे आणि बापासारखा मायाळूही आहे, असा देव मात्र या पुराव्यापुढे टिकत नाही. टिकवायचा तर 'माया' या शब्दाचा अर्थ बदलावा लागतो. पोर बुडत असताना काठावर हात बांधून उभ्या राहणाऱ्या बापाला जर आपण मायाळू म्हणत नाही, तर तोच शब्द देवासाठी वेगळ्या अर्थाने वापरण्यात काय हशील?

एवढे म्हटल्यावर टाळ्या घेऊन मला खाली बसता आले असते. पण त्या माउलीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अजून बाकी आहे. देवाचे नाव तिच्या शेजारणीने घेतले होते. गेल्या जन्माचे भोग हे शब्द मात्र आपल्यातल्याच माणसाचे होते.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात भगवान बुद्धांनी तीन मतांचा समाचार घेतला आहे. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे एक मत. ते सर्व ईश्वराने निर्माण केले म्हणून, हे दुसरे. त्याला काही कारणच नाही, हे तिसरे. लक्षात घ्या, भगवंतांनी ईश्वराला आणि पूर्वकर्माला एकाच रांगेत उभे केले आहे. आणि तिघांवर आक्षेपही एकच घेतला. असे मानणाऱ्याला हे करावे आणि हे करू नये, असा प्रयत्नच उरत नाही. त्याचे हात गळून पडतात.

संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक हाच प्रश्न घेऊन भगवंतांकडे येतो. त्याला भगवंत वेदनांची अनेक कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र प्रकोप, ऋतूंचा बदल, स्वतःची हयगय, बाहेरून झालेला आघात, आणि या सर्वांच्या शेवटी कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे जे म्हणतात, ते स्वतः अनुभवलेल्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टीच्या पलीकडे धावतात, असे भगवंतांनी सांगितले. खाडीतला वारा हा ऋतू आहे. तो गेल्या जन्मीचा हिशेब नव्हे.

बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याच ठिकाणी बोट ठेवले आहे. गरिबाची गरिबी त्याच्या गतजन्माच्या कर्माची, असे ठरवले की समाज आणि राज्यसंस्था यांची जबाबदारी संपते, हा त्यांचा आक्षेप आहे. महाडला हेच घडले होते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी सर्वांचे झाले, पण प्रत्यक्षात कुणी हात लावू शकत नव्हते. कारण हा जन्मच तुमच्या पूर्वपापाचे फळ आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले होते. सत्याग्रहानंतर पंचगव्य ओतून तळे शुद्ध करण्यात आले. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, त्याचे कारण येथे आहे. आणि पाण्याचा हक्क उच्च न्यायालयातून मिळायला १७ मार्च १९३७ उजाडला. ती दहा वर्षे माणसांनी लढून काढली. आपल्या पूर्वजांनी भोग भोगून संपण्याची वाट पाहिली असती, तर आजही आपण तळ्याच्या काठावरच उभे असतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. देवाला खुर्चीवरून उठवून त्याच खुर्चीवर पूर्वकर्माला बसवले, तर आपण धर्मांतर केले असे म्हणता येणार नाही, फक्त मालक बदलला. दुःखाचा कर्ता कोण, असे विचारत बसले की शेवटी एकतर देव आरोपी होतो नाहीतर दुःखी माणूस आरोपी होतो. भगवंतांनी प्रश्नच बदलला. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याला मार्ग आहे. कर्ता शोधू नका, कारण शोधा.

कारण शोधल्याने काय होते, तेही आपण याच जिल्ह्यात पाहिले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. परंतु हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता, किनाऱ्यावरची माणसे हलवली होती, म्हणून नुकसानीच्या मानाने प्राणहानी फार थोडी झाली. उलट २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि एक मोटार अंधारात नदीत गेली. तेव्हाही लोक म्हणाले, दैवाचा कोप. पण पुलाचे दगड जुने झाले होते, हे दैव नव्हे. पुढे वर्षाच्या आत तेथे नवा पूल उभा राहिला. मग जुना पूल वेळेवर बदलणे काही अशक्य नव्हते. आपण पुष्कळदा ज्याला अस्मानी म्हणतो, त्यात अर्धी सुलतानी दडलेली असते. देवावर किंवा कर्मावर भार टाकला, की ती कायमची दडून राहते.

आता एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. आजचे हे विवेचन घेऊन शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यावर हल्ला करायला जाऊ नका. महात्मा जोतीराव फुले निर्मिक मानत होते. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या जोतीरावांचा 'सार्वजनिक सत्यधर्म' निर्मिकाला मानूनच लिहिलेला आहे. पण त्यांच्या निर्मिकाने कुणाला उच्च-नीच केले नव्हते, म्हणून त्या श्रद्धेने त्यांचे हात बांधले नाहीत, उलट कामाला लावले. आणि 'रामदास' बुडाली तेव्हा काय झाले? बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, मुंबईला लवकर खबरही लागली नाही. मुंबईला मासळी विकायला निघालेले रेवसचे कोळी बांधव त्या वाटेवर होते. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी माणसे भरली, असे जुनी माणसे सांगतात. ते कोळी देव मानणारे होते. त्यांनी देवाचे नाव घेतलेही असेल. पण ते हात जोडून बसले नाहीत, त्यांनी वल्ही मारली. वाचलेल्यांपैकी कुणी पुढे म्हणाले असतील, देव तारी त्याला कोण मारी. मग जे बुडाले त्यांना देवाने का तारले नाही, हा प्रश्न उरतोच. कोळ्यांच्या हातांबद्दल मात्र कसलाच प्रश्न उरत नाही.

करुणा ही आकाशातून उतरत नाही, ती अशा हातांतून येते. ज्या मताने हात गळतात, ते देवाच्या नावाचे असो की कर्माच्या नावाचे, ते सोडून द्या. ज्या विचाराने हात पुढे होतात, त्याच्याशी आपले भांडण नाही.

आता त्या माउलीकडे येतो. मला तिला तेव्हाच सांगायला हवे होते, "माझे आई, तुझ्या पोराने काहीच पाप केले नव्हते. तूही केले नव्हतेस. वारा फिरला, होडी लहान होती, अंगावर तरंगायला काही नव्हते आणि धक्क्यावर दोर फेकायला कुणी नव्हते. वारा आपल्या हातात नाही. बाकीचे होते." हे ऐकून तिचे दुःख कमी झाले असते असे मी म्हणत नाही. मुलाचे दुःख कुठल्याही तत्त्वज्ञानाने कमी होत नाही. पण निदान त्या दुःखावर अपराधाचा डाग तरी पडला नसता. पुढे मी तिच्या घरी जाऊन हे सांगितले. उशिरा सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "मग आता दुसऱ्यांच्या पोरांचं तरी बघा."

त्यानंतर आपल्या तरुण मंडळाने धक्क्यावर जाड दोर आणि हवा भरलेल्या चार ट्यूब टांगल्या, त्या आजही तेथे आहेत. पावसाळ्याआधी दोर कुजला आहे का ते बघायचे काम आठवी-नववीच्या मुलांकडे असते. या वर्षी कुणाची पाळी आहे, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम! नमो बुद्धाय!